परदेशी संपर्क कार्यालय : विक्रीच्या आधीची पायरी

आयुर्वेदीय औषधांच्या निर्यातीविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, ती बहुधा दोनच प्रश्नांभोवती फिरते : माल कोणत्या देशात खपेल आणि वितरक कोण मिळेल? तिसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो. औषध त्या देशात पोहोचल्यावर त्याविषयी शंका उत्पन्न झाली, तर तेथील औषध नियंत्रकाने, डॉक्टरने, पत्रकाराने वा ग्राहकाने विचारणा कोणाकडे करावयाची? आज या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर बहुतेक ठिकाणी ‘दुकानदाराकडे’ असेच द्यावे लागेल. ही स्थिती बदलणारे एक साधन व्यापारी जगात फार पूर्वीपासून रूढ आहे. ते म्हणजे मूळ कंपनीचे परदेशातील संपर्क कार्यालय अथवा प्रतिनिधी कार्यालय. हे कार्यालय माल विकत नाही, बिल करीत नाही, विक्रीच्या करारावर स्वाक्षरी करीत नाही. कंपनीच्या वतीने माहिती देते आणि तेथील माहिती कंपनीला कळविते. आपल्या उत्पादकांनी परदेशात प्रथम असे कार्यालय उघडावे, विक्रीचा विचार त्यानंतर करावा, आणि त्या कार्यालयाचा कारभार विक्री अधिकाऱ्याच्या नव्हे, तर वैद्याच्या हाती सोपवावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

विकावयाचे नाही तर भाडे कशाला भरावयाचे, ही शंका व्यापारी माणसाला येणे स्वाभाविक आहे. वैद्याला मात्र ती येऊ नये. भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद आपण विद्यार्थिदशेत पाठ केलेले असतात. आपल्या औषधांच्या परदेशगमनात या चारांपैकी एकटे द्रव्य बोटीत वा विमानात चढते. मात्रा, अनुपान, काल, पथ्य, रोग्याची प्रकृती आणि बल यांचा विचार करणारा भिषक् येथेच राहतो. पलीकडे उरते ती डबी आणि तिच्यावर चिकटविलेला परभाषेतील कागद. अशा एकाकी द्रव्याने स्वतःची बाजू मांडावी, अशी आपली अपेक्षा असते. ती पुरी कशी व्हावी?

युरोपीय कायद्याने तर ही एकाकी अवस्था नियमातच बसविली आहे. पारंपरिक वनौषधींसंबंधीचा युरोपीय संघाचा 2004 चा निर्देश (क्रमांक 2004/24) आपल्या वाचकांना ऐकून माहीत असेल. त्यात दिलेली सात वर्षांची मुदत 30 एप्रिल 2011 रोजी संपली. सोप्या पद्धतीने नोंदणी मिळण्यासाठी औषधाचा किमान 30 वर्षांचा वापर दाखवावा लागतो, आणि त्यांपैकी सर्वसाधारणपणे 15 वर्षे युरोपीय संघात असावी लागतात. या अटीवर आपल्याकडे पुष्कळ टीका झाली. ती अनाठायी नव्हती. दोन सहस्र वर्षांच्या परंपरेला 15 वर्षांचा दाखला मागणे विचित्रच वाटते. परंतु त्याच निर्देशातील दुसऱ्या अटीकडे आपले फारसे लक्ष गेले नाही. ही सवलत वैद्यकीय व्यावसायिकाच्या देखरेखीवाचून घेता येतील अशाच औषधांना आहे. म्हणजे त्या दाराने आत जाणारे द्रव्य भिषक्‌विरहितच असले पाहिजे! चतुष्पादाच्या सिद्धांताशी याहून अधिक विसंगत व्यवस्था कल्पिणे अवघड आहे.

हे दार अगदीच बंद आहे असेही म्हणवत नाही. चीनमधील छंग्दू येथील एका कंपनीच्या ‘दिआओ शिन शुए कांग’ या वनस्पतिजन्य कॅप्सूलला 2012 मध्ये नेदरलँड्समध्ये नोंदणी मिळाली. आपल्याकडील बहुसंख्य उत्पादकांनी मात्र औषध म्हणून नोंदणी करण्याचा नाद सोडून आहारपूरक म्हणून माल पाठविण्याचा मार्ग पत्करला. तो सोपा आहे, पण त्याचे मोल द्यावे लागते. आहारपूरकाच्या वेष्टनावर रोग बरा करण्याचा वा टाळण्याचा दावा करता येत नाही. शिवाय 15 मे 1997 पूर्वी युरोपीय संघात जो पदार्थ लक्षणीय प्रमाणात खाल्ला जात नव्हता, तो ‘नवीन खाद्य’ ठरतो आणि त्याला आधी परवानगी घ्यावी लागते. जे द्रव्य संहिताकालापासून औषध आहे ते तेथे औषध नाही, आणि खाद्य म्हणून पाहावे तर नवखे! अशा त्रिशंकू अवस्थेतील द्रव्यावर संकट कसे कोसळते, याचे ताजे उदाहरण अश्वगंधेचे आहे.

डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठाने 2020 मध्ये अश्वगंधेच्या सुरक्षिततेविषयी एक अहवाल तयार केला. थायरॉइड व लैंगिक संप्रेरकांवरील परिणाम आणि गर्भपाताची शक्यता यांबाबत त्यात शंका व्यक्त केल्या होत्या, आणि कोणती मात्रा सुरक्षित मानावी हे ठरविता येत नाही असा निष्कर्ष काढला होता. त्याच्या आधारे 2023 मध्ये त्या देशाने खाद्यपदार्थांत व आहारपूरकांत अश्वगंधा वापरण्यास मनाई केली. अहवाल आणि बंदी यांच्यामध्ये सुमारे तीन वर्षांचे अंतर आहे, ही बाब प्रस्तुत लेखकाला सर्वांत महत्त्वाची वाटते. तीन वर्षे हा काही अल्प काळ नव्हे. आपल्या आयुष मंत्रालयाने अश्वगंधेच्या सुरक्षिततेविषयीचा सविस्तर दस्तऐवज सिद्ध केला तो बंदीनंतर. अहवालातील शंका सर्वस्वी निराधार होत्या असे कोणी म्हणू नये. गर्भिणीला अश्वगंधा देताना आपणही विचार करतोच. तथापि मूळ आणि पान यांतील भेद, चूर्ण आणि तीव्र अर्क यांतील भेद, चिकित्सेतील मात्रा आणि कॅप्सूलमधील मात्रा यांतील भेद हे मुद्दे त्या तीन वर्षांत कोपनहेगनमध्ये समोरासमोर बसून मांडावयास हवे होते. पानांच्या वापराबाबत तर आपल्याच मंत्रालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये उत्पादकांना सावध केले होते. अश्वगंधेची उत्पादने पानांपासून नव्हे, तर मुळापासून करावीत असा त्याचा आशय होता. हा कागद त्या वेळी तेथील अधिकाऱ्यांच्या मेजावर ठेवणारा कंपनीचा माणूस तेथे हवा होता. वितरकाकडून ती अपेक्षा करणे व्यर्थ आहे. अश्वगंधा बंद झाली तर तो दुसऱ्या दिवशी दुसरी डबी विकावयास मोकळा असतो.

याच समितीनिष्ठ व्यवस्थेचा एक अनुभव त्याआधीचा आहे. युरोपीय औषध संस्थेच्या वनौषधी समितीने 2013 मध्ये अश्वगंधेच्या मुळाविषयी मोनोग्राफ सिद्ध करता येत नसल्याचे निवेदन प्रसिद्ध केले होते. म्हणजे इशारा दहा वर्षे आधी मिळालेला होता. अशी निवेदने वाचणे, मुदतीत उत्तर देणे आणि ते उत्तर कोणत्या विभागाकडे द्यावयाचे हे ठाऊक असणे, हेच संपर्क कार्यालयाचे काम.

जड धातूंचे प्रकरण याहून जुने आणि अधिक बोचरे आहे. डिसेंबर 2004 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली; त्यांपैकी 14 मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. 2008 मध्ये त्याच संशोधकांनी महाजालावरून मागविलेली 193 उत्पादने तपासली, तेव्हाही प्रमाण सुमारे एकपंचमांशच निघाले. या दुसऱ्या पाहणीतील एक गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे : अमेरिकेत बनविलेल्या आणि भारतात बनविलेल्या उत्पादनांत हे प्रमाण जवळपास सारखे होते. लोकांच्या मनावर ठसा उमटला तो मात्र ‘भारतीय औषधांत विष’ असा. केंद्र शासनाने 1 जानेवारी 2006 पासून निर्यातीच्या केवळ वनस्पतिजन्य औषधांसाठी जड धातूंची चाचणी सक्तीची केली. शिसे 10, आर्सेनिक 3, पारा 1 आणि कॅडमियम 0.3 दशलक्षांश या मर्यादा आज सर्व उत्पादकांना मुखोद्गत आहेत. हे योग्यच झाले. पण बॉस्टनमधील ज्या गृहिणीने बातमी वाचून घरातली डबी उचलून पाहिली, तिला ‘या घाणीची चाचणी झालेली आहे आणि हा तिचा अहवाल’ असे सांगणारा दूरध्वनी क्रमांक त्या डबीवर नव्हता.

रसौषधींच्या बाबतीत संपर्क कार्यालयाने आडपडदा ठेवू नये. भस्मे व रसकल्प हे आपल्या शास्त्राचे अविभाज्य अंग आहेत, ती शोधन-मारणादी संस्कारांनंतर वैद्याच्या देखरेखीखालीच वापरावयाची आहेत, आणि म्हणूनच ती देखरेखीवाचून विकल्या जाणाऱ्या मालाच्या यादीत आम्ही ठेवत नाही, असे निःसंदिग्धपणे सांगावे. चोरवाटेने गेलेली एक गुटिका दहा प्रामाणिक कंपन्यांच्या कामावर पाणी फिरविते.

आता या कार्यालयाच्या कायदेशीर स्वरूपाकडे वळू. एकच नाव सर्वत्र एकाच अर्थाने चालत नाही. जर्मनीत प्रतिनिधी कार्यालय असा स्वतंत्र कायदेशीर प्रकार नाही. केवळ संपर्क ठेवणारे कार्यालय चालते, पण ते स्वतंत्रपणे व्यवहार करू लागले की शाखा ठरते आणि व्यापारी नोंदवहीत त्याची नोंद करावी लागते. दुबईत शाखा व प्रतिनिधी कार्यालय यांचे परवाने भिन्न असून प्रतिनिधी कार्यालयाने मूळ कंपनीच्या प्रसिद्धीपलीकडे जावयाचे नसते. व्हिएतनाममध्ये मूळ कंपनी किमान एक वर्ष कार्यरत असावी लागते आणि परवाना पाच वर्षांचा मिळतो. जपानची पद्धत तर मौजेची आहे. तेथे अशा कार्यालयाला नोंदणीच लागत नाही, आणि नोंदणी नाही म्हणून त्याला स्वतःच्या नावाने बँक खातेही सहसा उघडता येत नाही. ज्या देशात जावयाचे तेथील सनदी लेखापालाचा व वकिलाचा सल्ला आधी घ्यावा, हे वेगळे सांगावयास नको.

आपल्या बाजूचे नियम तुलनेने सुटसुटीत आहेत. रिझर्व्ह बँकेच्या 2015 च्या विनियमांनुसार परदेशी कार्यालयाच्या प्रारंभिक खर्चासाठी मागील दोन आर्थिक वर्षांच्या सरासरी उलाढालीच्या 15 टक्के किंवा निव्वळ मालमत्तेच्या 25 टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तेवढी बँकेमार्फत पाठविता येते. चालू खर्चासाठी सरासरी उलाढालीच्या 10 टक्क्यांपर्यंत मुभा आहे. कार्यालयाने मूळ कंपनीवर कोणतेही आर्थिक दायित्व ओढवून घ्यावयाचे नाही, ही अट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

विक्री न करण्याचे बंधन पाळणे हीच यातील खरी कसोटी. दारावर पाटी ‘माहिती केंद्र’ अशी लावावयाची आणि आत मागण्या स्वीकारावयाच्या, ही युक्ती अनेकांना सुचते. तिचा पहिला परिणाम करविषयक असतो. दुहेरी कर टाळण्याच्या बहुतेक करारांत केवळ पूर्वतयारीच्या वा साहाय्यक स्वरूपाच्या कामासाठीचे ठिकाण ‘कायम आस्थापना’ मानले जात नाही. ही मर्यादा ओलांडली की तेथील नफ्यावर त्या देशाचा कर लागू होतो. मर्यादा नेमकी कोठे आहे, यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 24 एप्रिल 2020 रोजी दिलेला निर्णय उद्बोधक आहे. संयुक्त अरब अमिरातीतील यूएई एक्स्चेंज सेंटर या कंपनीची भारतात चार संपर्क कार्यालये होती. परदेशातील माणसाने घरी पाठविलेल्या पैशाचा तपशील तेथे संगणकावर उतरवून घेतला जाई, धनादेश छापले जात आणि कुरियरने लाभार्थीकडे रवाना केले जात. मूळ व्यवहार, म्हणजे पैसे स्वीकारणे व सेवाशुल्क घेणे, अमिरातीत होत असे. हे काम साहाय्यक स्वरूपाचे असून त्यावर येथे कर लागत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. रिझर्व्ह बँकेने घातलेल्या अटी ती कार्यालये पाळीत होती, हा मुद्दा त्यात वजनदार ठरला. आपल्या कार्यालयांनीही हाच धडा घ्यावा. कराहूनही मोठी हानी विश्वासाची होते. ज्याने काल शास्त्रीय माहिती दिली, तोच आज मागणीपत्रक पुढे करतो आहे असे दिसले, की औषध नियंत्रकाच्या लेखी त्याच्या शास्त्राचेही मूल्य शून्य होते.

या कार्यालयात वैद्य बसवावा, असे वर म्हटले आहे. त्याला एक कडक पथ्य जोडावे लागेल. त्या वैद्याने तेथे नाडी पाहू नये. जर्मनीत चिकित्सा करण्याचा अधिकार डॉक्टरला आणि 1939 च्या कायद्याखाली परवाना मिळालेल्या ‘हाइलप्राक्टिकर’ या निसर्गोपचारकाला आहे. आपली पदवी तेथे तो अधिकार देत नाही. दिवसभर रुग्णांच्या विनवण्या ऐकावयाच्या आणि ‘मी केवळ माहिती देऊ शकतो’ असे उत्तर द्यावयाचे, हे आपल्या पिंडाला अवघड जाणारे काम आहे. तरीही ते वैद्यानेच करावे. कारण ‘त्रिफळा किती दिवस घ्यावी’ या प्रश्नामागे दहा प्रश्न दडलेले असतात, हे विक्री अधिकाऱ्याला उमगत नाही. मात्रेविषयीची शंका तो ‘जास्त घेतले तरी अपाय नाही, सारे नैसर्गिक आहे’ या वाक्याने मिटवितो. आपल्या शास्त्राची परदेशात सर्वाधिक बदनामी या एका वाक्याने केली असावी.

आणखी एक व्यावहारिक बाब. परदेशी वितरकाने आपल्या कल्पाचे व्यापारनाम स्वतःच्याच नावे नोंदवून ठेवल्याच्या आणि पुढे मूळ उत्पादकालाच अडविल्याच्या तक्रारी उत्पादकांच्या बैठकांत कानावर येतात. युरोपीय संघात व्यापारचिन्हाचा हक्क मुख्यतः नोंदणीतून मिळतो. आधी वापरले म्हणून सहजी दाद लागत नाही. भारत 2013 पासून माद्रिद प्रोटोकॉलचा सदस्य आहे, त्यामुळे येथील नोंदणीच्या आधारे एकाच अर्जाने अनेक देशांत संरक्षण मागता येते. वितरक नेमण्यापूर्वी हे काम उरकावे. आपला माणूस तेथे असेल तर कोणी काय नोंदविले यावर त्याची नजर राहते.

संपर्क कार्यालय सर्व काही करू शकेल, असा भ्रम मात्र नसावा. युरोपीय निर्देशाप्रमाणे पारंपरिक वनौषधीच्या नोंदणीचा अर्जदार व धारक युरोपीय संघातच स्थापित असावा लागतो. त्यासाठी पुढे तेथे रीतसर कंपनी स्थापावी लागेल किंवा विश्वासू भागीदार शोधावा लागेल. नुसत्या संपर्क कार्यालयावर विसंबून भागणार नाही. पण भागीदार विश्वासू आहे की नाही, हे मुंबईत बसून कळत नसते. दोन-तीन वर्षे तेथे राहून, परिषदांना बसून, विद्यापीठांतील वनौषधी विभागांशी ओळख वाढवूनच ते कळते.

खर्चाचा प्रश्न उरतो, आणि तो खरा आहे. महाराष्ट्रातील आयुर्वेदीय उत्पादकांपैकी पुष्कळ जण लहान आहेत. उलढालीच्या 10 टक्क्यांत फ्रँकफर्ट वा ॲम्स्टरडॅम येथील एका खोलीचे भाडे आणि एका वैद्याचे वेतन त्यांना झेपणार नाही. अशांनी एकत्र यावे, हा सल्ला देणे सोपे आहे. परस्परांचे प्रतिस्पर्धी एका छताखाली बसविणे कठीण. तरीसुद्धा सुरक्षितता, चाचणी, ओळखीच्या कसोट्या या विषयांत स्पर्धा नसते. एका कंपनीची अश्वगंधा अडली की सर्वांचीच अडते. आयुष मंत्रालयाच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य योजनेत परदेशी नियंत्रकांकडे उत्पादने नोंदविण्याच्या खर्चासाठी साहाय्याची तरतूद आहे, आणि 2022 पासून आयुष निर्यात प्रोत्साहन परिषदही अस्तित्वात आहे. तिसांहून अधिक देशांत शासनाची आयुष माहिती केंद्रे आहेत. ती आहेत म्हणून कंपन्यांनी स्वस्थ बसावे, हा युक्तिवाद पटत नाही. शासकीय केंद्र आयुर्वेदाविषयी बोलेल. अमुक घाणीतील अमुक चूर्णाविषयी उत्तर देण्याची जबाबदारी ते घेणार नाही, आणि त्याने ती घेऊही नये.

जाता जाता उलट दिशेचाही उल्लेख करावा लागेल. परदेशी कंपन्यांची संपर्क कार्यालये आपल्याकडेही आहेत. रिझर्व्ह बँकेच्या 2016 च्या विनियमांत त्यांच्या मूळ कंपनीला तीन वर्षांचा नफा व किमान 50,000 डॉलरची निव्वळ मालमत्ता दाखविण्याची अट असून, येथील सर्व खर्च परदेशातून आलेल्या पैशातूनच भागवावा लागतो. अशा कार्यालयाचा प्रतिनिधी एखाद्या वैद्यबंधूकडे वनस्पतींचे नमुने मागू लागला, तर ‘आम्ही व्यापार करीत नाही’ या त्याच्या खुलाशाने समाधान मानू नये. परदेशी संस्थेला संशोधनासाठी वा व्यापारी उपयोगासाठी आपली जैविक संसाधने हवी असतील, तर जैविक विविधता कायदा 2002 नुसार राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. परवानगीची प्रत मागण्यात कोणताही उद्धटपणा नाही.

मूळ विषयाकडे येतो. परदेशातील वैद्याने मांडावयाची सामग्री तेथे निर्माण होत नाही, ती येथून जावी लागते. डेन्मार्कच्या अधिकाऱ्याने ‘तुमच्या देशात किती रुग्णांना अश्वगंधा दिली आणि त्यांपैकी किती जणांना त्रास झाला’ असे विचारले, तर ‘शेकडो वर्षे देत आहोत’ हे उत्तर पुरणार नाही. आयुर्वेदादी औषधांच्या प्रतिकूल परिणामांची नोंद ठेवण्यासाठी आयुष मंत्रालयाची औषध-दक्षता योजना कार्यरत असून तिचे राष्ट्रीय समन्वय केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. खासगी व्यवसाय करणाऱ्या किती वैद्यांनी तिचे विवरणपत्र एकदा तरी भरले आहे, हे ज्याने त्याने स्वतःशी पडताळून पाहावे. औषध मानवले नाही असे सांगितल्यास आपल्याच शास्त्राला उणेपणा येईल, ही भीती त्यामागे असते. वस्तुस्थिती उलट आहे. एकही त्रास नोंदला नाही असे सांगणाऱ्यावर परदेशी नियंत्रक विश्वास ठेवीत नाही. हजारांत सात जणांना अम्लपित्त वाढले, मात्रा कमी केल्यावर शमले, असे सांगणाऱ्यावर ठेवतो.

म्हणून आपल्या संघटनेच्या शाखांनी आरंभ अश्वगंधेपासूनच करावा. येत्या वर्षभरात ज्या रुग्णांना अश्वगंधेचे चूर्ण वा कल्प दिले जातील त्यांचे वय, लिंग, मात्रा, अनुपान, कालावधी, सोबतची औषधे आणि झालेला त्रास यांची एका पानाची नोंद प्रत्येक सदस्याने ठेवावी. चूर्ण मुळाचेच आहे ना, हे उत्पादकाकडून लेखी घ्यावे आणि घाणीचा क्रमांक त्याच पानावर लिहावा. थायरॉइडच्या रुग्णांची नोंद वेगळी ठेवावी. नोंदींची छाननी संघटनेने नेमलेल्या दोन-तीन अध्यापकांनी करावी, आणि जे उत्पादक परदेशात असे कार्यालय उघडण्याचा विचार करीत आहेत त्यांना ती रुग्णांची नावे वगळून उपलब्ध करून द्यावी.